बंद पडलेल्या सरकारी खात्याचा १९८० चा अहवाल मूळ रूपात कसा शोधायचा?

सुरुंगकाम

नमस्कार. मी खाणकाम इंजिनिअर, गेली अकरा वर्षं दगडखाणीत ब्लास्टिंग बघतो. ग्रंथालय, संग्रह यातलं मला फारसं कळत नाही, म्हणून इथे विचारतोय.

सुरुंग उडवताना आम्ही जवळच्या घरापाशी सिस्मोग्राफ लावतो. त्यात पीपीव्ही मिळते, म्हणजे जमिनीचा कण जास्तीत जास्त किती वेगाने हलला ते, मिलिमीटर प्रति सेकंदात. आकडा मर्यादेच्या खाली असला की घराला धोका नाही असं आम्ही लिहून देतो. मी कामाला लागलो तेव्हापासून आमच्या फॉर्मवर ही मर्यादा ५० छापलेली आहे.

गेल्या महिन्यात एका घरातल्या आजींनी मला हाताला धरून आत नेलं आणि भिंतीतली चीर दाखवली. आमच्या नोंदीत त्यांच्या घराचा सगळ्यात मोठा आकडा २३ होता. मी म्हटलं, "आजी, हे ५० च्या निम्म्याहूनही कमी आहे." त्या काही बोलल्या नाहीत. मलाच ते लागून राहिलं, कारण हे ५० आलं कुठून ते मला सांगता आलं नसतं.

शोधत गेलो. एक पुस्तक दुसऱ्या पुस्तकाकडे बोट दाखवतं, दुसरं तिसऱ्याकडे. शेवटी दोन नावं हाती लागली, दोन्ही अमेरिकेच्या ब्युरो ऑफ माइन्सची: बुलेटिन ६५६ (१९७१) आणि रिपोर्ट ऑफ इन्व्हेस्टिगेशन्स ८५०७ (१९८०). पहिल्यात २ इंच प्रति सेकंद अशी मर्यादा आहे, म्हणजे ५०.८ मिमी. आमचं ५० बहुधा तिथूनच आलं. दुसऱ्यात म्हणे मर्यादा फ्रिक्वेन्सीप्रमाणे, म्हणजे जमीन सेकंदाला किती वेळा हलते त्याप्रमाणे, बदलते आणि कमी फ्रिक्वेन्सीला बरीच खाली उतरते. "म्हणे" लिहिलं, कारण मूळ अहवाल मी अजून डोळ्यांनी पाहिलेला नाही.

अडचण अशी की हे खातंच १९९६ मध्ये बंद झालं. पुस्तकांतल्या लिंका मेल्या आहेत. एका साइटवर अहवाल विकत आहे. दुसरीकडे फुकट पीडीएफ मिळाली, पण तिच्यातला मुख्य आलेख म्हणजे नुसता काळा डाग, अक्षावरचे आकडेसुद्धा वाचता येत नाहीत. मला नेमका तो आलेखच हवा आहे.

खातं बंद झाल्यावर त्याचे अहवाल कोण सांभाळतं? आणि मिळालेली प्रत खरी आणि पूर्ण आहे हे कसं ओळखायचं?

दगडफूल

आलेखाचे आकडे कुठल्याही ब्लास्टिंग हँडबुकात मिळतील, मूळ अहवालासाठी एवढी धडपड कशाला? आणि विकत घेऊ नका. अमेरिकी केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांनी नोकरीचा भाग म्हणून लिहिलेल्या मजकुरावर तिथे कॉपीराइट नसतो, त्यांच्या कायद्यातच तसं कलम आहे. कंत्राटदारांनी लिहिलेल्या अहवालांचं मात्र वेगळं असू शकतं, ते तपासावं लागतं.

जुनी_पानं

@दगडफूल, हँडबुकात आकडा मिळतो, पण तो कशावर मोजला हे तिथे बहुतेक वेळा गळून गेलेलं असतं. प्रश्नकर्त्यांना नेमकं तेच हवं आहे असं मला वाटतं.

मी निवृत्त ग्रंथपाल, तांत्रिक अहवालांच्या विभागात बरीच वर्षं काढली. सुरुंगकाम, तुम्ही शोधताय ती चीज कपाटात नेहमीच बेवारस राहायची. ती धड पुस्तक नाही आणि नियतकालिकही नाही. पातळ पुठ्ठ्याचं कव्हर, वर एक क्रमांक. लेखक किंवा नावावरून ती क्वचितच सापडते. म्हणून पहिली गोष्ट, शोध क्रमांकाने घ्या. "आरआय ८५०७", "आरआय-८५०७", "रिपोर्ट ऑफ इन्व्हेस्टिगेशन्स ८५०७" असं तिन्ही प्रकारे टाइप करून बघा, कारण प्रत्येक संग्रहात नोंद करणाऱ्याने वेगळं लिहिलेलं असतं. पीबीने सुरू होणारा क्रमांक दिसला तर गोंधळू नका. तो त्याच अहवालाला एनटीआयएसने, म्हणजे तांत्रिक अहवाल विकणाऱ्या अमेरिकी सरकारी संस्थेने, दिलेला विक्री क्रमांक. पीबी म्हणजे पब्लिकेशन बोर्ड. दुसऱ्या महायुद्धात जर्मनीकडून हाती लागलेले तांत्रिक कागद लोकांसाठी खुले करायला १९४५ मध्ये हे मंडळ नेमलं होतं. मंडळ गेलं, अक्षरं राहिली.

आता सांभाळतं कोण. अमेरिकेत फेडरल डिपॉझिटरी लायब्ररी नावाची व्यवस्था आहे. सरकारी छापखान्यातून निघालेल्या प्रती देशभरच्या ठरावीक ग्रंथालयांत जातात. त्यामुळे खातं बुडालं तरी प्रती शेकडो ठिकाणी शेल्फवर राहिल्या. २००६ मध्ये काही विद्यापीठांच्या ग्रंथालयांनी मिळून ट्रेल नावाचा प्रकल्प सुरू केला: असे जुने तांत्रिक अहवाल गोळा करायचे, स्कॅन करायचे आणि सगळ्यांना मोफत द्यायचे. यातलं पुष्कळ साहित्य यूएनटी, म्हणजे नॉर्थ टेक्सस विद्यापीठाच्या डिजिटल लायब्ररीत आणि हाथीट्रस्ट या ग्रंथालयांच्या सामाईक डिजिटल संग्रहात आहे. ब्युरो ऑफ माइन्सच्या अहवालांसाठी सुरुवात तिथून करा. ब्युरोचं सुरक्षिततेचं संशोधन पुढे नायॉश या कामगारांच्या सुरक्षिततेवर संशोधन करणाऱ्या अमेरिकी सरकारी संस्थेकडे गेलं, तेव्हा त्यांच्या खाणविषयक पानांवरही बघा.

यूएनटीबद्दल आणखी एक, कारण तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर त्यातच आहे. तिथे सायबरसिमेटरी नावाचा संग्रह आहे, वेबसाइटींचं दफनस्थानच म्हणा. सरकारी छापखान्याशी करार करून १९९७ पासून ते बंद पडलेल्या सरकारी मंडळांच्या वेबसाइटी जशाच्या तशा जपून ठेवतात. हे काम करणाऱ्यांबद्दल मला फार आदर आहे. कुणी मागितलेलं नसताना, आयोगाचा शेवटचा कर्मचारी दिवा मालवून जायच्या आत ते तिथे पोचलेले असतात.

प्रत ओळखायची कशी? मी असं करत असे:

आधी पानं मोजा. नोंदीत पृष्ठसंख्या असते, ती पीडीएफशी जुळली पाहिजे. परिशिष्टं शेवटी असतात आणि गळाली तर तीच गळतात. मग घडीची पानं बघा. मोठे नकाशे आणि आलेख घडी घालून बांधलेले असतात. घाईच्या स्कॅनिंगमध्ये ती घडी कुणी उलगडत नाही, मिटलेल्या कागदाचाच फोटो येतो. ट्रेलमधली मंडळी ती उलगडून स्कॅन करतात.

तुमचा काळा डाग बहुधा फक्त काळ्या आणि पांढऱ्या अशा दोनच छटांत केलेल्या स्कॅनमुळे आला असेल. अक्षरं अशा स्कॅनमध्ये ठीक दिसतात. फोटो आणि बारीक जाळीचे आलेख मरतात. ग्रेस्केल प्रत मिळाली तर तीच घ्या.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: आकडा कधीही कॉपी-पेस्ट करू नका. स्कॅनच्या मागे जो शोधण्यासाठीचा मजकूर असतो तो मशीनने वाचलेला असतो. जुन्या अमेरिकी छपाईत दशांश चिन्हाआधीचं शून्य पुष्कळदा गाळलेलं असतं. मशीनला तो ठिपका धूळ वाटतो आणि .५० चे ५० होतात. तुमच्या कामात याचा अर्थ काय होईल ते मी सांगायला नको. पानाचं चित्र उघडा, मोठं करा आणि डोळ्यांनी वाचा.

वारा_बोगदा

माझं क्षेत्र विमानाचे पंख. आम्ही अजून नाकाचा, म्हणजे अमेरिकेच्या जुन्या विमानसंशोधन समितीचा, १९३३ चा ४६० नंबरचा अहवाल उघडतो, ७८ पंखछेदांच्या (पंख आडवा कापल्यावर दिसणाऱ्या आकारांच्या) वाऱ्याच्या बोगद्यातल्या चाचण्यांचा. नाकाचं १९५८ मध्ये नासा झालं, म्हणून हे सगळं नासाच्या तांत्रिक अहवालांच्या सर्व्हरवर असतं. मार्च २०१३ मध्ये तो सर्व्हर तपासणीसाठी एकदम बंद केला गेला आणि परत यायला मे उजाडला. तेव्हा मी एका गणितात अर्ध्यावर होतो. त्यानंतर मी एक सवय लावून घेतली: कामाचा अहवाल लगेच उतरवून ठेवायचा आणि तो आणखी कुठल्या संग्रहात आहे तेही लिहून ठेवायचं.

लिंक देताना ब्राउझरमधला लांबलचक पत्ता देऊ नका. यूएनटीच्या प्रत्येक नोंदीला कायमचा पत्ता असतो. त्यात "आर्क" आणि मग ६७५३१ हा आकडा दिसेल. तो द्या. साइटची रचना बदलली तरी तो चालत राहावा अशीच त्यामागची सोय आहे.

सुरुंगकाम

मिळाला! दोन वेगवेगळ्या ठिकाणच्या प्रती उतरवल्या आणि पान-पान शेजारी ठेवून बघितल्या. एकीत परिशिष्ट ब चा आलेख स्वच्छ आहे. दुसरीत तोच जुना डाग. जुनी_पानं, तुम्ही म्हणालात तसंच.

आता वाचलेलं सांगतो. मोजमाप ७६ घरांत, २१९ सुरुंगांच्या वेळी केलेलं आहे. फ्रिक्वेन्सी ४० हर्ट्झच्या वर असेल तर २ इंच, म्हणजे आमचं ५०. त्याच्या खाली जिप्सम बोर्डाच्या भिंतींना ०.७५ इंच, म्हणजे १९ मिमी, आणि लाकडी पट्ट्यांवर गिलावा केलेल्या जुन्या भिंतींना ०.५० इंच, म्हणजे १२.७. कारणही दिलं आहे. अशा लहान घरांची स्वतःची डोलण्याची फ्रिक्वेन्सी कमी असते. हादऱ्याची तिच्या आसपास आली की घर जमिनीपेक्षा जास्त हलतं. परिशिष्टातला आलेख या पायऱ्या तिरक्या रेषेने जोडतो. ती चढण हँडबुकातल्या एका आकड्यात मावणारच नव्हती.

मग आमची जुनी नोंद काढली. सिस्मोग्राफ प्रत्येक वेळी फ्रिक्वेन्सीही छापतो, आमच्या फॉर्मवर मात्र तिला रकानाच नाही. आजींच्या घरापाशी २३ आला त्या दिवशी ती ११ हर्ट्झ होती.

@दगडफूल, धडपड यासाठी होती. आणखी एक गोष्ट मूळ अहवाल हातात आल्यावरच कळली. ती सगळी घरं अमेरिकी बांधणीची आहेत. आजींचं घर दगडी आहे. तेव्हा १९ सुद्धा तसाच्या तसा उचलणं बरोबर नाही. ते मी आमच्या साहेबांना वेगळं लिहून दिलं आहे आणि तोवर एका वेळी उडणाऱ्या दारूचं प्रमाण कमी करायला सांगितलं आहे. फॉर्मवर फ्रिक्वेन्सीचा रकाना आला. मर्यादेच्या ओळीखाली आता अहवालाचा क्रमांक, वर्ष, परिशिष्ट आणि कायमचा पत्ता आहे.

उद्या सकाळी आजींकडे जातोय. २३ आणि ११, दोन्ही आकडे कागदावर लिहून नेतोय.