मदत हवी आहे: तळ्यातल्या लढाईसाठी पहिली युद्धनौका कोणती बांधू? अकिलिस की फॉन डर टान?

नमस्कार मंडळी,

ज्यांनी रेडिओ कंट्रोलच्या युद्धनौका स्वतः बांधून लढवल्या आहेत, त्यांच्याकडून सल्ला हवा आहे. प्रश्न थोडा लांबलाय, पण सगळं सांगितल्याशिवाय नीट उत्तर मिळणार नाही.

ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी आधी दोन शब्द. खऱ्या युद्धनौकांच्या 1:144 प्रमाणातल्या प्रतिकृती करायच्या आणि त्या तळ्यात एकमेकींशी लढवायच्या. ही लढाई खरीखुरी असते. सीओटूच्या दाबावर चालणारी गन 4.5 मिलिमीटरची पोलादी गोळी मारते. जहाजाच्या कुशीवर फक्त 1/32 इंच जाडीचा, म्हणजे पाऊण मिलिमीटरच्या आसपासचा बाल्सा असतो, म्हणजे अगदी हलकं, मऊ लाकूड; ते फुटतं. पाणी आत येतं, आतला पंप ते बाहेर फेकत राहतो. पंप कमी पडला की जहाज बुडतं. मग तरंगणाऱ्या खुणेची दोरी ओढून वर काढायचं, भोकं बुजवायची आणि परत पाण्यात सोडायचं. आमच्या गटात पाण्याच्या वरच्या भोकाला 10 गुण, पाण्याच्या रेषेवरच्या भोकाला 25 आणि रेषेखालच्याला 50. सगळी धडपड त्या 50 साठी.

दोन लढाया मी गॉगल लावून काठावरून पाहिल्या. आता स्वतःचं जहाज हवंय, आणि नेमकं इथेच अडलोय.

मनात पहिल्यापासून एकच नाव आहे: अकिलिस. 13 डिसेंबर 1939 ला दक्षिण अमेरिकेतल्या रिव्हर प्लेटच्या मुखाबाहेर ग्राफ श्पे या जर्मन युद्धनौकेवर तुटून पडलेल्या ब्रिटिश ताफ्यातल्या तीन क्रूझरांपैकी (मध्यम आकाराच्या युद्धनौकांपैकी) एक. सहा इंची आठ तोफा, आणि समोर अकरा इंची सहा. त्या सकाळी अकिलिसवरची चार माणसं गेली, पण जहाज मागे हटलं नाही. पुढे 1948 मध्ये तेच जहाज आपल्या नौदलात आलं आणि आयएनएस दिल्ली झालं. 1978 पर्यंत सेवेत होतं. एकाच जहाजाच्या नशिबात वेगवेगळ्या देशांची निशाणं! लहानपणी दिल्लीचा फोटो पाहिला होता तेव्हापासून तिचं धुराडं, तिचा डौल डोळ्यांसमोर आहे.

पण मापं घ्यायला बसलो आणि पंचाईत झाली. मूळ लांबी 169 मीटर, म्हणजे प्रतिकृती 117 सेंटीमीटर. लांबी छान आहे. रुंदी मात्र जेमतेम 12 सेंटीमीटर. वजनाचं गणित करताना 144 चा घन घ्यावा लागतो, म्हणजे सुमारे 30 लाखाने भागायचं. त्या हिशोबाने पूर्ण भरलेली अकिलिस तीन ते सव्वातीन किलोची. त्या तीन किलोंत हल (जहाजाचा सांगाडा), मोटर, बॅटरी, रिसीव्हर, सर्व्हो (सुकाणू वगैरे हलवणारी छोटी मोटर), पंप, गॅसची बाटली, रेग्युलेटर (गॅसचा दाब आवरणारा), गन असं सगळं आलं.

काल रात्री पुठ्ठ्यातून जहाजाच्या मधल्या भागाचा आडवा छेद कापला, तसे चार कापून जमिनीवर ओळीने उभे केले आणि खरं सामान आत ठेवून पाहिलं. बाटलीचा व्यास पाच सेंटीमीटर. बरगड्यांची जाडी सोडली तर बाजूला बॅटरी बसते, पण मग पंपाला जागा उरत नाही. पंप पुढे सरकवला तर तो तळाच्या सगळ्यात खोल जागी राहत नाही. बाटली आडवी न ठेवता लांबीत ठेवली तर गनच्या नळ्या वळवून न्याव्या लागतात. पुठ्ठे आडवे झाले तेव्हा रात्रीचा एक वाजला होता.

रुंदीची मला धास्ती आहे, त्याला कारण आहे. गेल्या वर्षी एक फ्लेचर वर्गाची विनाशिका केली होती, नुसती चालवायला, गन नव्हती. रुंदी साडेआठ सेंटीमीटरच्या आत. बॅटरी डेकच्या जवळ एका फळीवर ठेवली होती, कारण तिथे वायर सहज पोचत होती. पहिल्याच वळणावर ती कलली ती कललीच, आणि उलटी होऊन गेली. पाणी आत येण्याआधीच. अकिलिसमध्ये तर गोळ्यांमुळे पाणी येणारच आहे.

दुसरा पर्याय फॉन डर टान. 1910 मध्ये जर्मन नौदलात दाखल झालेली बॅटलक्रूझर. मूळ लांबी 171.7 मीटर, प्रतिकृती 119 सेंटीमीटर; म्हणजे अकिलिसएवढीच लांब. पण रुंदी साडेअठरा सेंटीमीटर आणि वजन सात किलो! एवढ्यात दुप्पट सामान ऐसपैस बसेल. जटलंडच्या लढाईत 31 मे 1916 ला हिनेच इंडिफॅटिगेबल या ब्रिटिश बॅटलक्रूझरला बुडवलं. चार टरेटांपैकी (फिरत्या तोफघरांपैकी) दोन बाजूंना तिरक्या बसवलेल्या आहेत, त्यामुळे बाजूला मारायच्या गनसाठी सोय चांगली. डोक्याने विचार केला की उत्तर फॉन डर टान येतं. मन काही तिकडे जात नाही, हे कबूल करतो.

माझा भाचा म्हणतो, "मामा, बिस्मार्कच कर." बिस्मार्क 174 सेंटीमीटर लांब आणि सतरा किलोच्या घरात. पहिलं जहाज म्हणून ते मला झेपणार नाही. नेल्सनही एकदा मनात आली होती, पण तिन्ही टरेट पुढे. मागून पाठलाग करणाऱ्यावर मारायला काहीच उरत नाही. ती सोडली.

तर जाणकारांनी सांगावं:

बारा सेंटीमीटरच्या हलमध्ये पंप, बाटली आणि निदान एक गन बसवून कोणी लढलंय का? आत पाणी आल्यावर असलं अरुंद जहाज किती वेळ सरळ राहतं? आणि पहिलं जहाज आवडीचं करावं की सोयीचं?

---

प्रतिसाद 1

तुमचं पुठ्ठ्याचं काम पाहून बरं वाटलं, बहुतेक जण हे हल झाल्यावर करतात.

पाण्याच्या प्रश्नाचं उत्तर आधी. जहाज सरळ राहण्याची ताकद पाण्याच्या रेषेवरच्या रुंदीच्या घनावर अवलंबून असते. रुंदी सव्वापट झाली तर तो आकडा जवळपास दुप्पट होतो. आणि आत शिरलेलं पाणी मोकळं असेल तर जहाज ज्या बाजूला कलतं त्याच बाजूला धावतं, कल आणखी वाढवतं. तुमची फ्लेचर कोरडी असताना उलटली, त्यात हा दुसरा त्रास नव्हताच.

यावर उपाय म्हणजे आतला तळ सपाट ठेवायचा नाही. दोन्ही बाजूंना हलकं लाकूड किंवा फोम भरून मधोमध अरुंद चर ठेवा. आत आलेलं पाणी चरातून थेट पंपाकडे जातं, इकडेतिकडे हिंदकळत नाही. पंप चराच्या सगळ्यात खोल टोकाला. शिशाचं वजन तळालाच. अकिलिसमध्येही हे जमेल, पण पहिल्याच हातात जमेल असं वाटत नाही.

---

प्रतिसाद 2

माझं मत वेगळं आहे. जहाज पूर्ण व्हायला महिनोन् महिने लागतात. बरगड्या घासून हात भरून आले, बाल्सा तिसऱ्यांदा चिरला, की सोयीचं जहाज टेबलावर तसंच पडून राहतं. आवडीचं असेल तर माणूस दुसऱ्या दिवशी पुन्हा बसतो. मी स्वतः एक सोयीचं जहाज अर्धवट सोडलंय.

तरीही अकिलिस पहिली करू नका असंच सांगेन. क्रूझरला वेग असतो, पण गन थोड्या मिळतात. नवा माणूस वेग वापरायला शिकेपर्यंत प्रत्येक लढाईत मार खातो. वळणं कशी घ्यायची, कधी पळायचं हे हाताला कळावं लागतं.

---

प्रतिसाद 3

अकिलिस आणि फॉन डर टान यांच्या मधलं एक जहाज तुमच्याच गोष्टीत आहे की! ग्राफ श्पे.

मूळ 186 मीटर, म्हणजे 129 सेंटीमीटर. रुंदी 15 सेंटीमीटर. वजन साडेपाच किलोच्या आत. एक तिहेरी टरेट पुढे, एक मागे, त्यामुळे मागच्या गनचा प्रश्न नाही. आकार पकडायला सोपा, वरची बांधणी फार गुंतागुंतीची नाही, एक ठसठशीत मनोरा आणि एक धुराडं. 17 डिसेंबरला माँटेव्हिडिओबाहेर स्वतःच्याच माणसांनी बुडवलेलं जहाज. तुमच्या हातून ते तळ्यात जास्त टिको.

बाटली पाच सेंटीमीटरची असेल तर तिच्या एका बाजूला बॅटरी आणि दुसऱ्या बाजूला सर्व्हो सहज बसेल. पंप मधल्या चरात, बाटलीच्या पुढे.

---

धागाकर्ता

तिघांचेही मनापासून आभार. ग्राफ श्पे माझ्या डोक्यात आलीच नव्हती. मी तिच्याकडे कायम अकिलिसच्या डेकवरून पाहत होतो, शत्रूचं जहाज म्हणून.

संध्याकाळी पुन्हा पुठ्ठे कापले, या वेळी पंधरा सेंटीमीटरचे. बाजूंना दीड-दीड सेंटीमीटर फोम धरला. बाटली लांबीत ठेवली, शेजारी बॅटरी, मधे चरासाठी दोन बोटांची जागा सुटली. पंप चराच्या टोकाला उभा राहिला आणि वर बोटभर जागा उरली. भाचाही शेजारी बसला होता. त्याने बाटली उचलून पुन्हा स्वतः ठेवून पाहिली आणि म्हणाला, "मामा, हिच्यात बसतंय."

तर ग्राफ श्पे पक्की. अकिलिसचे आराखडे गुंडाळून कपाटावर ठेवलेत. हात बसला की दुसरं जहाज तेच.

आता पुढचा प्रश्न. सुरुवातीला दोनच गन बसवणार आहे. दोन्ही मागच्या टरेटमध्ये ठेवू, की एक मागे आणि एक पुढच्या टरेटमधून बाजूला मारणारी? काठावरून पाहताना बहुतेक भोकं मागच्या गननेच पडताना दिसली, म्हणून मन तिकडे झुकतंय. बरगड्यांची फळी कापायच्या आधी हे ठरवायला हवं, कारण नळीच्या खालची बरगडी त्यानुसार सरकवावी लागेल.