मदत हवी आहे: रेकॉर्डरवर चित्र फुटतंय, कॅमेरे ठणठणीत

मांडवीकर: वडोदऱ्यात मकरपुऱ्याच्या एका कारखान्यात १६ आयपी कॅमेरे, रेकॉर्डर आपलाच, लिनक्स बोर्डवर. चित्राचा खालचा भाग करडा होतो, दोन सेकंदांनी आपोआप नीट. येणारा डेटा साठवणारा बफर वाढवून झालाय. उद्या हँडओव्हर आहे, लवकर सांगा.

सोल्डरवाला: यूडीपी (हरवलेलं पॅकेट परत न पाठवणारा) की टीसीपी (परत पाठवणारा)? कुठला बफर? बिटरेट?

रावपुरा७: केबल बघा आधी. अ‍ॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली स्वस्त वायर असणार. अस्सल तांब्याची कॅट-६ ओढा.

मांडवीकर: केबल तांब्याचीच आहे हो, सीआरसी एरर (वाटेत बिघडलेली पॅकेटं) शून्य. यूडीपी, एच.२६४, प्रत्येकी ४ एमबीपीएस. एसओ_आरसीव्हीबफ, म्हणजे सॉकेटचा रिसीव्ह बफर, २ एमबी.

दांडियाबाजार: कॅमेऱ्याचं आरटीएसपी स्ट्रीम टीसीपीवर घ्या, कटकट मिटली.

सोल्डरवाला: मिटत नाही, लपते. सॉकेट वाचणारा थ्रेड (प्रोग्रॅममधलं तेवढं काम करणारा भाग) अडकला की टीसीपीची विंडो (न वाचलेल्या डेटाची जागा) भरते आणि कॅमेराच फ्रेम गाळतो.
मांडवीकर, आरमेम_मॅक्स (कर्नलची बफरवरची कमाल मर्यादा) मूळचा २१२९९२ असेल तर तुमचे २ एमबी कर्नल गुपचूप छाटतो, एरर देत नाही. खरा आकडा गेटसॉकऑप्टने वाचा. ४२५९८४ आलं तर तेच, कारण कर्नल दुप्पट करून ठेवतो. १४०० बाइटच्या पॅकेटमागे ड्रायव्हरनुसार दोन-अडीच हजार बाइट खर्ची पडतात, म्हणजे १७०-२०० पॅकेटं मावणार. २०० केबीची आय-फ्रेम (अख्खं चित्र असलेली फ्रेम) म्हणजे एका दमात दीडशेच्या आसपास पॅकेटं. थोडं अडकलं की शेपूट गळतं, म्हणून खालचाच भाग फुटतो.

मांडवीकर: ४२५९८४च निघालं! आरमेम_मॅक्स ४१९४३०४ केला. कमी झालं, पण नेटस्टॅट -एसयूमधला रिसीव्ह बफर एरर दर पाच सेकंदांनी उडी मारतोय.

सोल्डरवाला: डिस्कवर त्याच थ्रेडमधून लिहिताय?

मांडवीकर: हो, पाच सेकंदांनी एफसिंक (डेटा डिस्कवर उतरेपर्यंत थांबणं). त्याचं काय?

सोल्डरवाला: हे आधी सांगायचं ना राव! एफसिंक संपेपर्यंत सॉकेट कोण उपसणार? वाचणारा थ्रेड वेगळा काढा, रिसीव्ह-एम-मेसेजने एका कॉलमध्ये ३२ पॅकेटं उचला, मधे रिंग बफर, डिस्कवर लिहिणारा थ्रेड दुसरा. प्रॉक-इंटरप्ट्स बघा. नेटवर्कचे सगळे इंटरप्ट सीपीयू ० वर असतील तर वाचणारा थ्रेड दुसऱ्या कोअरला बांधा.

दांडियाबाजार: बॅकलॉग (कर्नलमधली आलेल्या पॅकेटांची रांग) १००० वरून ५००० करा.

सोल्डरवाला: सॉफ्टनेट_स्टॅटचा दुसरा रकाना (रांगेत गळलेली पॅकेटं) वाढत असेल तरच. उगाच नको.

मांडवीकर: थ्रेड वेगळे केले. वीस मिनिटं झाली, एररचा आकडा जागचा हललेला नाही.

रावपुरा७: पीओई (केबलमधूनच वीज देणाऱ्या) स्विचला सर्ज प्रोटेक्टर लावलाय का पण?