कॅमल + फ्रीमार्कर : ९९९ पर्यंतचे सभासद जातात, १००० पासून पुढे सगळे रिजेक्ट??

कट्ट्यावरचा_जावावाला
नमस्कार मंडळी, दूध संकलनाचं इंटिग्रेशन आहे. केंद्रावरून जेसन (मजकूर स्वरूपातला डेटा) येतो (सभासद नंबर, लिटर, फॅट, एसएनएफ म्हणजे फॅट सोडून उरलेले घन पदार्थ, दर, रक्कम), अपाचे कॅमलच्या (एका सिस्टिममधला डेटा दुसऱ्या सिस्टिमला पोचवणारं जावा फ्रेमवर्क) रूटमध्ये जॅक्सनने (जेसन वाचणारी लायब्ररी) त्याचा मॅप (नाव-किंमत जोड्या) करतो आणि पुढे फ्रीमार्करच्या (साच्यात डेटा भरून मजकूर बनवणारी लायब्ररी) दोन टेम्प्लेट, एक अकाउंटिंगला जाणारा एक्सएमएल आणि दुसरी शेतकऱ्याला जाणारा मराठी एसएमएस. आधी हे सगळं जावात स्ट्रिंगला स्ट्रिंग (मजकुराचे तुकडे) जोडून चाललेलं, ते वाचताना डोळे पांढरे व्हायचे म्हणून टेम्प्लेटवर आणलं. टेस्टिंगला सगळं ओके होतं. आता लाइव्हला सभासद ९९९ पर्यंत सुरळीत आणि १००० पासून पुढचा एकही जात नाही, समोरून एरर एवढीच की 'क्रमांक अवैध'. डेटाबेस बघितला, टेम्प्लेटमध्ये जाणारी मेसेजची बॉडी (आतला डेटा) लॉग केली, दोन्हीकडे नंबर बरोबर.
आणि जाता जाता, काही संस्थांचे एसएमएस टेलिकॉमवालेच अडवतायत, काहींचे जातात. टेम्प्लेट तीच आहे हो!

उंटावरचा_शहाणा
भावा, टेम्प्लेटमध्ये जाणारी बॉडी लॉग करून काय उपयोग, बाहेर पडलेली कर. पैज लावतो, तिथे १०४२ च्या जागी १,०४२ दिसेल, स्वल्पविरामासकट.
फ्रीमार्कर मुळात माणसाने वाचायच्या पानांसाठी आहे, त्यामुळे नंबर दिला की तो लोकेलप्रमाणे (भाषा-देशाच्या सेटिंगप्रमाणे) सजवून छापतो. हजाराच्या आत स्वल्पविराम लागतच नाही म्हणून तुझे ९९९ सुटले. व्हेरिएबलच्या पुढे प्रश्नचिन्ह आणि सी लाव, म्हणजे नंबर मशीनला कळेल असा कोरा छापला जातो. सगळीकडे लावत बसायचं नसेल तर नंबर फॉरमॅटचं सेटिंगच 'कॉम्प्युटर' करून टाक.
फॅटकडे पण बघ, ४.० असेल तर नुसता ४ छापला जातो आणि शेतकरी फोन करून विचारतो की पॉइंट कुठे गेला. तिथे मात्र फॉरमॅट हाताने द्यायचा, एक दशांश. आणि एसएमएसमध्ये १,२५,००० असं लाखाच्या पद्धतीने हवं असेल तर जावाचा डेसिमल फॉरमॅट ते करत नाही, तो १२५,००० च करणार, त्याला आयसीयू (वेगवेगळ्या भाषा-देशांचे फॉरमॅट जाणणारी) लायब्ररी लागते.
आणि मुळात सभासद नंबर हा नंबर नाहीच रे, त्याची कोणी बेरीज करतं का? जेसनमध्येच स्ट्रिंग म्हणून मागून घे.

एक्सएमएल_पीडित
वरचं सगळं बरोबर, पण मी म्हणतो एक्सएमएल टेम्प्लेटने बनवायचाच कशाला? एखाद्या नावात & आला की समोरचा पार्सर (एक्सएमएल वाचणारा प्रोग्रॅम) आडवा. क्लास बनवा, जेएएक्सबीने (जावा ऑब्जेक्टचा एक्सएमएल करणारी लायब्ररी) मार्शल करा, एस्केपिंगची (अशी खास चिन्हं सुरक्षित रूपात लिहिण्याची) कटकट संपली. टेम्प्लेट माणसांच्या मजकुराला ठेवा, मशीनच्या मजकुराला नको.

उंटावरचा_शहाणा
@एक्सएमएल_पीडित तत्त्व म्हणून मान्य, पण समोरच्याने एक्सएसडी (एक्सएमएलच्या रचनेचे नियम सांगणारी फाइल) दिलीच नाही आणि नमुना म्हणून एक फाइल ईमेलवर टाकली की 'असं पाठवा', तर टेम्प्लेटच बरी पडते, ती उघडून त्यांच्या माणसाला दाखवता तरी येते. & साठी टेम्प्लेटच्या पहिल्या ओळीत आउटपुट फॉरमॅट एक्सएमएल लिहायचं, २.३.२४ पासून ऑटो-एस्केपिंग आहे. जेसन बनवत असाल तर मात्र हे आपोआप होत नाही हां, प्रत्येक स्ट्रिंगला जेसन-स्ट्रिंगवालं बिल्ट-इन लावावं लागतं. आणि नल (रिकामी व्हॅल्यू) आला की फ्रीमार्कर सरळ एरर देतो, लोक वैतागतात पण मला तेच आवडतं. व्हेलॉसिटी (असंच दुसरं टेम्प्लेट इंजिन) अशा वेळी डॉलरचं चिन्ह आणि व्हेरिएबलचं नाव जसंच्या तसं छापून मोकळा होतो आणि ते तसंच गिऱ्हाइकाच्या मोबाइलवर जातं.

टेस्टिंगवाली_ताई
एसएमएसचं मी सांगते. डीएलटीवर (टेलिकॉमवाल्यांची एसएमएस मजकूर नोंदवायची यंत्रणा) रजिस्टर केलेला मजकूर आणि तुम्ही पाठवता तो तंतोतंत जुळावा लागतो, आणि व्हेरिएबलची जी जागा असते ना तिथे ३० अक्षरांची मर्यादा असते. आता 'सहकारी दूध उत्पादक संस्था मर्यादित' एवढंच मोजून बघा, काना-मात्रा, हलन्त, अनुस्वार आणि स्पेस सगळं वेगळं धरून ३४ होतात, संस्थेचं खरं नाव तर अजून आलंच नाही! ज्यांची नावं छोटी त्यांचे जातात. मास्टरमध्ये छोट्या नावाची वेगळी फील्ड घ्या, टेम्प्लेटमध्ये कापाकापी करू नका, मध्येच हलन्तावर तुटलं की वाचवत नाही.
मराठी एसएमएस युनिकोडमध्ये जातो म्हणजे एकाला ७० अक्षरं, त्याच्या पुढे गेला की ६७-६७ चे तुकडे आणि प्रत्येक तुकड्याचे पैसे वेगळे, हे साहेबांना आधीच सांगून ठेवा. आणि टेम्प्लेट फाइल वाचताना कॅमलच्या एंडपॉइंटला एन्कोडिंग (अक्षरं साठवायची पद्धत) यूटीएफ-८ द्या, जावा १८ च्या आधी डिफॉल्ट ऑपरेटिंग सिस्टिमवर असायचं, विंडोज सर्व्हरवर नुसती प्रश्नचिन्हं किंवा कचरा.

कट्ट्यावरचा_जावावाला
@उंटावरचा_शहाणा पैज जिंकलात, १,०४२ च होतं. सी लावला, गेले सगळे. ताई, अडलेल्या संस्थांची यादी काढली, एकूण एक लांब नावाच्या निघाल्या. आता एकच विचारतो, साहेब म्हणतायत की मजकूर सारखा बदलतो तर टेम्प्लेटच हेडरमधून (मेसेजसोबत येणाऱ्या जादा माहितीतून) पाठवूया, डिप्लॉय करायला नको. कॅमलमध्ये तसा ऑप्शन दिसतोय, बाय डिफॉल्ट बंद आहे.

उंटावरचा_शहाणा
बंद आहे तो मुद्दाम. टेम्प्लेट म्हणजे नुसता मजकूर नाही, चालणारा कोड आहे, बाहेरून हेडर घुसवता आला तर तुझ्या सर्व्हरवर कोणीही काहीही चालवेल. टेम्प्लेट सर्व्हरवरच्या फोल्डरमध्ये फाइल म्हणून ठेव आणि कंटेंट कॅश (एकदा वाचलेली टेम्प्लेट मेमरीत धरून ठेवणं) बंद ठेव, फाइल बदलली की पुढचा मेसेज नव्या मजकुराने जातो. आणि साहेबांना विचार, मजकूर बदलला की डीएलटीला परत मंजुरी कोण घेणार?