जुना पीसी पडून आहे, घरातला फाईल आणि प्रिंट सर्व्हर करता येईल का?

मिरजकर:
नमस्कार मंडळी, घरात एक जुना पीसी पडून आहे, कोअर टू ड्युओ, २ जीबी रॅम, १६० जीबीची हार्ड डिस्क. विंडोज टाकलं की नुसतं रांगतंय. आई घरी शिकवण्या घेते, तिच्या प्रश्नपत्रिका, माझ्या नि ताईच्या लॅपटॉपवरचं सगळं पेनड्राईव्हवरून इकडून तिकडे फिरत असतं आणि प्रिंट काढायची तर लॅपटॉप उचलून आईच्या खोलीत न्यायचा. परवा नववीची जुनीच प्रश्नपत्रिका छापली गेली, तीस प्रती, कारण पेनड्राईव्हवर दोन "फायनल" होत्या. आईला फार वाईट वाटलं. प्रिंटर एचपी लेसरजेट १०२० आहे, अजून छान छापतो, बदलायचा नाही. विंडोजऐवजी लिनक्स कधी वापरलं नाही पण शिकायची तयारी आहे. जमेल का?

तारजोड:
नक्की जमेल. फाईली वाटायला प्रोसेसर फारसा लागत नाही. ६४ बिटचं डेबियन (लिनक्सचाच एक प्रकार) टाका, इन्स्टॉल करताना डेस्कटॉपची टिक काढा, म्हणजे २ जीबी रॅम पुरून उरते. नेटवर्कवरून फाईली वाटायला सांबा नावाचा प्रोग्रॅम, प्रिंट पाठवायला कप्स. लिनक्सचा पासवर्ड दिलेला असला तरी सांबाचा पासवर्ड स्वतंत्रपणे द्यावा लागतो, नवीन माणूस हमखास इथेच अडकतो, फोल्डर दिसतं पण आत घेत नाही. राउटरमध्ये जाऊन या पीसीचा आयपी, म्हणजे नेटवर्कवरचा पत्ता, पक्का करून ठेवा, नाहीतर लाईट जाऊन आली की पत्ता बदलू शकतो आणि सगळ्या लॅपटॉपवर प्रिंटर ऑफलाईन. वायफायवर ठेवू नका, केबल टाका. पीसीचा केबल लावायचा पोर्ट १०० एमबीपीएसचा निघाला तरी सेकंदाला ११ एमबीच्या आसपास मिळेल, प्रश्नपत्रिकांना भरपूर झालं.

रातराणी:
१०२० बद्दल सांगते, माझ्याकडेही तोच आहे. हा प्रिंटर आपलं फर्मवेअर, म्हणजे त्याला चालवणारा आतला प्रोग्रॅम, स्वतःकडे साठवत नाही, दर वेळी चालू केला की कॉम्प्युटरने ते पाठवावं लागतं. विंडोजचा ड्रायव्हर हे आपल्याला न कळता करतो. लिनक्सवर एचपीलिप (एचपीचा लिनक्ससाठीचा ड्रायव्हर) टाकायचं आणि त्याचा प्लगिन, म्हणजे जोड-भाग, वेगळा उतरवायचा. मी प्लगिन टाकला नव्हता, तर कप्सच्या यादीत जॉब पूर्ण झालेला दिसायचा आणि कागद जागचा हलायचा नाही, दोन रविवार मी केबल बदलत बसले. प्लगिन टाकून प्रिंटर बंद-चालू केला, तो गुरगुरला आणि पान आलं. कप्समध्ये प्रिंटर शेअर केला आणि अवाही (नेटवर्कवर प्रिंटर आपोआप दिसायला लावणारा प्रोग्रॅम) चालू असलं की मोबाईलवरूनही प्रिंट जाते, आईंना ते सगळ्यात आवडेल.

मिरजकर:
रातराणी, खूप आभार, हे मला कुठेच सापडलं नसतं. वीजबिल किती वाढेल? आणि ताई पुण्यात असते, तिला तिथून फाईली बघायच्या असतील तर राउटरवर पोर्ट, म्हणजे इंटरनेटवरून आत यायची वाट, उघडू का?

तारजोड:
पोर्ट अजिबात उघडू नका! सांबा ४४५ नंबरच्या पोर्टवर चालतं, आणि मे २०१७ मधला वॉनाक्राय व्हायरस विंडोजच्या याच फाईल शेअरिंगमधल्या भोकातून पसरला होता. वायरगार्ड नावाच्या प्रोग्रॅमने व्हीपीएन, म्हणजे घरच्या नेटवर्कपर्यंतचा कुलूपबंद खाजगी रस्ता, करा, ताई त्यातून आत येईल. बिलाचं म्हणाल तर पीसी ६० वॅट खात असेल तर दिवसाला १.४४ युनिट, महिन्याला ४३ च्या आसपास. रात्री ११ ते सकाळी ७ बंद ठेवलात तर २९ वर येईल. बायोसमध्ये (पीसी सुरू होताना उघडणाऱ्या सेटिंगमध्ये) लाईट आल्यावर आपोआप चालू होण्याची सेटिंग असते, ती लावा, आणि जमलं तर छोटा यूपीएस.

चिपळूणचा:
सगळं बरोबर आहे पण त्या १६० च्या डिस्कवर एकुलती एक प्रत ठेवू नका. आधी स्मार्टमॉनटूल्स या डिस्क तपासायच्या प्रोग्रॅमने डिस्क तपासा, रीअलोकेटेड सेक्टरचा (खराब झाल्यामुळे बदललेल्या जागांचा) आकडा वाढताना दिसला तर डिस्क बदला. आणि सर्व्हर म्हणजे बॅकअप नव्हे, हे मी कळकळीने सांगतोय. आमच्याकडे पीसी आणि बॅकअपची डिस्क एकाच टेबलावर होती, जुलै २०२१ मध्ये पाणी आलं तेव्हा दोन्ही सोबत गेल्या. वडिलांच्या पंधरा वर्षांच्या नोंदी होत्या, चिखल धुऊन डिस्क उन्हात ठेवली तरी काही हाती लागलं नाही. दुसरी प्रत दुसऱ्या घरी ठेवा.

मिरजकर:
वाचून वाईट वाटलं दादा. मामा सांगलीत तिसऱ्या मजल्यावर राहतो, २०१९ च्या पुरातही तिथवर पाणी चढलं नव्हतं, एक यूएसबी डिस्क त्याच्याकडे ठेवतो आणि महिन्यातून एकदा जाऊन भरून आणतो. डेबियन आज रात्री उतरवायला लावतोय, १०२० वर पहिलं पान आलं की इथेच सांगतो.