अ‍ॅडेनिन ३० टक्के, मग ग्वानिन २० कसं?

प्रश्न: एका डीएनएत ए (अ‍ॅडेनिन) हा घटक ३० टक्के, तर जी (ग्वानिन) किती? पुस्तकात नुसतं २० छापलंय. एका आकड्यावरून बाकीचे तीन निघतात हे पटत नाही.

उत्तर १: डीएनए म्हणजे दोन साखळ्यांची शिडी. तिच्यात ए समोर टी (थायमिन), जी समोर सी (सायटोसिन). म्हणजे टी पण ३०. उरले ४०, ते जी आणि सी मध्ये निम्मे. झालं.

उत्तर २: वरचं बरोबर आहे, पण खरी गंमत कारणात आहे. ए आणि जी अणूंच्या दोन कड्यांचे, टी आणि सी एका कड्याचे. मोठ्यासमोर लहान आला की शिडीची प्रत्येक पायरी सारख्याच रुंदीची होते. मग ए समोर सी का नाही? जोडीला धरून ठेवणाऱ्या हायड्रोजन बंधांच्या जागा जुळत नाहीत. ए-टी मध्ये दोन बंध, जी-सी मध्ये तीन. रसायनशास्त्रज्ञ शारगाफ यांना हे समान प्रमाण (ए = टी, जी = सी) १९५० च्या सुमारास मोजणीतच दिसलं होतं, कारण कळलं १९५३ मध्ये, वॉटसन-क्रिक यांनी मांडलेल्या डीएनएच्या दुपदरी रचनेतून. ए अधिक टी एकूण किती, हे मात्र नियम सांगत नाही. ते प्रत्येक जीवात वेगळं.

प्रश्नकर्ती: आणि एकच साखळी दिली असेल तर?

उत्तर २: तर हे गणित सोडवूच नका! फाय-एक्स १७४ विषाणूचा डीएनए एकपदरी असतो. त्यात ए सुमारे २४ टक्के, टी ३१. समोर जोडीदारच नाही, तर बरोबरी कुठून येणार? परीक्षेत 'दुपदरी' हा शब्द आधी शोधा.