गोठ्यामागचा शेपूट थरथरवणारा पक्षी, आणि जानेवारीतील गुहागर

सांदवाडी:
नमस्कार. आमचे घर भंडारा जिल्ह्यात, साकोलीच्या बाजूला आहे. धानाची कापणी आटोपत आली की आमच्या सांदवाडीत, गोठ्यामागच्या उकिरड्याजवळ, चिमणीएवढा एक पक्षी येऊन राहतो. वरचे अंग काळे, पोट आणि शेपूट विटकरी. भिंतीला टेकवून ठेवलेल्या जुन्या वखराच्या दांडीवर तो बसतो, एकदा वाकतो आणि मग शेपूट असे थरथरवतो की त्याला हुडहुडी भरली असावी असे वाटते. गेली तीन वर्षे हीच दांडी आणि हाच उकिरडा. सासूबाईंच्या सांगण्यावरून मी रोज तांदळाच्या कण्या टाकते. त्यांवर चिमण्या, होले आणि सातभाई तुटून पडतात, हा मात्र ढुंकूनही पाहत नाही. हा कोण, आणि याला काय द्यावे?

दुसरे असे की जानेवारीत बहिणीकडे गुहागरला आठ दिवस जायचे आहे. मागच्या खेपेला भर दुपारी किनारा पालथा घातला, पण पाण्याच्या कडेला दूरवर पांढरे ठिपके तेवढे दिसले. समुद्रावर नेमके केव्हा उभे राहावे? त्यासाठी दुर्बीण घेणे गरजेचे आहे का?

लाखोरी:
ताई, आपण वर्णन इतके नेमके केले आहे की शंकेला जागा नाही. हा कृष्ण थिरथिरा, आणि काळा आहे म्हणजे नर. मादी तपकिरी असते, पण शेपटीचा विटकरी रंग आणि ती थरथर तिलाही असते. हिमालय आणि त्यापलीकडील उंच, थंड मुलखात यांची वीण होते. थंडीपुरते ते आपल्याकडे उतरतात आणि उन्हे तापू लागली की परततात. तो कण्या खाणार नाही, कारण त्याचे पोट किड्यांवर चालते. दांडीवरून जमिनीकडे टक लावून बसायचे, किडा हलला की झडप घालायची आणि पुन्हा दांडीवर यायचे, असा त्याचा दिवस जातो. आपला उकिरडा हेच त्याचे ताट आहे. म्हणून वाळला पालापाचोळा झाडून जाळण्याऐवजी एका कोपऱ्यात साचू द्यावा, आणि तो वखर कृपया हलवू नये.

कण्या टाकण्यात गैर काही नाही. फक्त मीठ घातलेले शिजवलेले अन्न टाकू नये. त्याहून उपयोगी म्हणजे पाणी. मातीच्या पसरट परळात दोन बोटे पाणी आणि मधोमध एक दगड ठेवावा, पाणी रोज बदलावे, आणि परळ झुडपापासून पाच-सहा हात दूर, उघड्यावर असावे, म्हणजे दबा धरून बसलेल्या मांजरीचे फावत नाही. आमच्याकडे दाण्याला कधी न आलेला लाल कंठाचा माशीमार अशाच परळावर पहिल्यांदा दिसला.

पाळीवरचा:
वरील उत्तराशी सहमत आहे. ताई, गुहागरच्या आधी आपल्याच भागातील मामा (म्हणजे माजी मालगुजारी) तलावाच्या पाळीवर दोन-चार सकाळी बसून पाहा, असे मी सुचवीन. समुद्रावर लागणारी नजर तिथेच तयार होते. (कोहळी समाजाने बांधलेल्या या तलावांना आपण सिंचनापुरतेच मोजतो, याचे मला वाईट वाटते.) सकाळी पूर्वेच्या काठावर, सूर्य पाठीशी घेऊन बसावे, समोरून ऊन असले की तलवार बदक आणि थापट्या दोन्ही सारखेच काळे दिसतात. नवेगावबांधच्या परिसरात हिवाळ्यात पट्टकादंब येतात. पांढऱ्या डोक्यावर मागच्या बाजूने दोन काळे पट्टे, एवढी खूण पुरते. हिमालय ओलांडताना हा पक्षी सात हजार मीटरहूनही उंच उडाल्याची नोंद आहे, आणि आपल्या बांधीच्या धुऱ्यावर तो पाळीव बदकासारखा गवत खुडताना दिसतो.

दुर्बीण घ्यायची झाल्यास ८×४२ घ्यावी. म्हणजे आठपट मोठे दिसते आणि पुढचे भिंग ४२ मिलिमीटरचे असते. याहून बरीच जास्त पटीची दुर्बीण हातात स्थिर राहत नाही. मी हौसेने वीसपटीची आणली होती. ती आता माळ्यावर आहे.

वर्धेहून कोकणात:
मी मूळचा वर्धा जिल्ह्यातला असून नोकरीनिमित्त रत्नागिरी जिल्ह्यात राहतो. ताईंचा मागचा प्रवास दुपारमुळे नव्हे, तर ओहोटीमुळे फसला असावा. ओहोटीला पाणी दूर जाते आणि पक्षी खाण्यासाठी पाण्यामागे जातात. भरती चढू लागली की पाणीच त्यांना आपल्याकडे ढकलत आणते. इथले लोक भरतीची वेळ तिथीवरून काढतात: तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थीला साधारण तीन वाजता, अष्टमीला सहाला, द्वादशीला नऊला पूर्ण भरती, आणि ओहोटी त्यानंतर सुमारे सहा तासांनी. म्हणून दशमी ते द्वादशीच्या सकाळी पूर्ण भरतीच्या दीड-दोन तास आधी किनाऱ्यावर जाऊन एका जागी बसावे. फिरू नये.

दिसतील ते पांढरे पक्षी बहुधा कुरव असतील. त्यांतील तपकिरी डोक्याच्या कुरवाच्या नावाने फसू नका. थंडीत त्याचे डोके पांढरेच असते आणि डोळ्यामागे शाईचे बोट पुसल्यासारखा एक डाग उरतो. तपकिरी डोके परतीच्या सुमारास दिसू लागते. ओल्या वाळूवर चार पावले धावून एकदम थबकणारे ते चिखल्या. भरतीच्या वेळी ते कोरड्या वाळूवर थव्याने विसावतात. तेव्हा फोटोसाठी जवळ जाऊन त्यांना उडवू नये, कारण तेवढीच त्यांची विश्रांती असते.

सांदवाडी:
सर्वांचे मनापासून आभार. पंचांग पाहिले, आमच्या आठ दिवसांत दशमी आणि एकादशी येते आहे, तेव्हा बहिणीला तसे कळवले. परळ परवा ठेवले. पहिला दिवस सातभाईंनीच घेतला, सात नव्हे, मोजून नऊ होते. आज सकाळी साडेसातच्या सुमारास थिरथिरा वखरावरून उतरून परळातल्या दगडावर बसला, तीन वेळा चोच बुडवली आणि शेपूट थरथरवून परत दांडीवर गेला. मादी मात्र अजून दिसलेली नाही; ती त्याच्याच आसपास राहते, की तिची जागा वेगळी असते?

लाखोरी:
थंडीत नर आणि मादी आपापली वेगळी जागा धरून राहतात, ताई. शेजारच्या गोठ्यामागे पाहा.