साडेसहा वर्षांचा मुलगा अजून अंथरुणात शू करतो, आणि पावसात गादी वाळत नाही

ओली_गादी: धाकटा पहिलीत आहे. दिवसा काही त्रास नाही, रात्री मात्र आठवड्यातून चार-पाचदा अंथरूण ओलं. लहानपणापासून असंच, मध्ये कधी थांबलं नाही. आम्ही रत्नागिरीत, जून लागल्यापासून गादीला ऊन दाखवलेलं नाही. मेणकापड, त्यावर सासूबाईंची जुनी नऊवारी घडी करून घालते, तरी पहाटे ओल कडेने खाली उतरतेच. काल चक्क इस्त्री फिरवली गादीवर. सासूबाई काळे तीळ नि गूळ देतात. तो आवडीने खातो, फरक शून्य. नवरा रात्री साडेअकराला उचलून मोरीत नेतो, हा झोपेतच उभा, मान बाबाच्या खांद्यावर. संध्याकाळनंतर पाणी बंद केलं तर रडारड. नोव्हेंबरात भावाचं लग्न आहे, हॉलवर सगळी पोरं एका रांगेत झोपणार. परवा हळूच म्हणाला, "आई, मी तिथे झोपणारच नाही. जागाच राहीन." डॉक्टरकडे न्यावं का?

नानाकाका: आमच्या वेळी दोन रट्टे दिले की सुटायची सवय.

वॉर्डातली_मावशी: काका, सुटायची नाही, पोरं लपवायला शिकायची. ओली चड्डी कपाटामागे सापडते ती त्यामुळेच.
ताई, मुलांच्या वॉर्डात बरीच वर्षं नर्स आहे. पाच वर्षांच्या शंभरातली साधारण पंधरा मुलं रात्री ओली करतात, आणि बहुतेकांचं वयाबरोबर जातं. झोप गाढ असते, किंवा रात्री लघवी कमी करणारं संप्रेरक अजून पुरेसं तयार होत नसतं. यात त्याचा हट्ट नाही की आळस नाही. आधी एक सांगा, शी रोज होते का? आतडं तुंबलेलं असलं की मूत्राशयावर दाब येतो, हे पुष्कळदा कोणी विचारतच नाही. पाणी तोडू नका, सकाळी-दुपारी भरपूर द्या, रात्री तहानेपुरतं. चहा देत असाल तर बंद. झोपायच्या आधी दोनदा शू. उचलून नेल्याने ती रात्र कोरडी जाते, पण तो त्यातून शिकत काही नाही.
डॉक्टरांना दाखवाच. लग्नासारख्या चार दिवसांपुरती गोळीही असते, पण ती त्यांनीच द्यायची, आणि ती घेतल्यावर रात्री पाणी अगदी जपून. आधी घरी घेऊन बघा, थेट हॉलवर प्रयोग नको. जळजळ, सारखी तहान, वजन उतरणं, किंवा सहा महिने कोरडा राहून पुन्हा सुरू झालेलं असलं, तर मात्र थांबू नका.

मिरजेचा_बाप: मी स्वतः दहाव्या वर्षापर्यंत. आत्याकडे सुट्टीत गेलो की पहाटे उठून चादर उलटी करायचो, जणू कुणाला कळतच नाही! आईबापांपैकी कुणाला असेल तर मुलात बऱ्याचदा उतरतं. माझ्या लेकीत उतरलं. तिला आठव्या वर्षी अलार्म लावला, चड्डीला सेन्सर, ओल लागली की कर्कश वाजतो. पहिले पंधरा दिवस सगळी बिल्डिंग उठली असेल, ही सोडून. मीच तिला हलवून पुरतं जागं करायचो, ती स्वतःच्या पायांनी जायची, चादर दोघं मिळून बदलायचो. अकरा आठवडे लागले. चिकाटी नसेल तर आणू नका, कपाटात पडून राहील. तुमच्या यजमानांना विचारलंत का?

ओली_गादी: मावशी, शी तीन दिवसांतून एकदा, तीही कुंथून. डब्यात रोज बिस्किटं असतात, चूक माझीच. शुक्रवारी डॉक्टरांची वेळ घेतली आहे.
आणि दादा, विचारलं. नवरा आधी पेपरात तोंड खुपसून बसला, मग म्हणाला, "तिसरीपर्यंत." लग्नाला नऊ वर्षं झाली, आज कळतंय! रात्री त्याने स्वतःच मुलाला सांगितलं. तो ताडकन उठून बसला. "बाबा, मग तुझी गादी कोण वाळवायचं?"
स्वयंपाकघरातून सासूबाई म्हणाल्या, "मीच, दुसरं कोण!"